जुन्या चित्र-फाइली छपाईयोग्य करताना: बीएमपी, जीआयएफ, जेपीजीपासून टिफ आणि पीडीएफपर्यंत

स्मरणिका, दिवाळी अंक किंवा गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायला घेतलं की चित्रं चहूकडून येतात. कुणाच्या सीडीवर २००१ सालचे बीएमपी, कुणाकडे संस्थेचं बोधचिन्ह फक्त जीआयएफमध्ये, जुन्या डीटीपीवाल्याकडून मिळालेल्या टिफ आणि ईपीएस, आणि उरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरचं जेपीजी. मग कुणीतरी सगळ्या फाइली एका झटक्यात टिफमध्ये बदलून छापखान्यात देतं. छापून येतं तेव्हा चेहरे काळवंडलेले असतात, अक्षरं दाणेदार, बोधचिन्हाच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या. फॉरमॅट बदलणं हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे आणि त्याचं महत्त्वही सगळ्यात कमी. चित्र कोणत्या जातीचं आहे, ते किती सेंटिमीटर छापायचं आहे आणि कोणत्या कागदावर, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

इथे ऑफसेट छपाई धरली आहे: आतली पानं ७० किंवा ८० जीएसएम मॅपलिथोवर (साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर) एकरंगी, आणि मधे एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा संच) चकचकीत आर्ट पेपरवर चाररंगी. सॉफ्टवेअर म्हणून गिंप ३, इंकस्केप आणि स्क्रायबस घेतली आहेत. तिन्ही फुकट मिळतात. फोटोशॉप किंवा कोरलड्रॉवाल्यांना मेनूची नावं थोडी वेगळी दिसतील, क्रम तोच.

छापखान्याला आधी विचारा

फाइलींना हात लावण्याआधी छापखान्यात फोन करून पाच गोष्टी लिहून घ्या. कागद कोणता. स्क्रीन, म्हणजे चित्र ज्या ठिपक्यांच्या जाळीत छापलं जातं ती, इंचाला किती लाइनचा. पुस्तकी ऑफसेटला बहुधा १५० किंवा १७५, वर्तमानपत्री कागदाला ८५ ते १००. चारही शाया मिळून (प्रत्येकीचे १०० टक्के धरून) जास्तीत जास्त किती टक्के चालते. पीडीएफ कोणती हवी, एक्स-१ए की एक्स-४ (छपाईसाठीच्या पीडीएफचे हे ठरलेले प्रकार). आणि रंगाचा प्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे प्रत्यक्षात कसे दिसतात हे सांगणारी फाइल, कोणता. शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा 'काहीही द्या, आम्ही करतो' असं उत्तर येतं. अशा वेळी आर्ट पेपरसाठी फोग्रा ३९ या छपाईच्या प्रमाणित मोजमापांवर बेतलेला 'आयएसओ कोटेड व्ही२ ३००%' हा प्रोफाइल घ्या. युरोपियन कलर इनिशिएटिव्हच्या साइटवर तो मोफत मिळतो आणि एकूण शाई ३०० टक्क्यांच्या आत ठेवतो. 'आम्ही करतो' म्हणणाऱ्यांच्या भरवशावर आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची) फाइल सोडली, तर तिचं सीएमवायके (सायन, मॅजेंटा, येलो, ब्लॅक या चार शायांचं रूप) मशीनवरच्या सेटिंगप्रमाणे आपोआप होतं आणि ते सेटिंग काय होतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

फाइल खरी कोणती ते ओळखा

सीडीवरच्या फाइली आधी हार्ड डिस्कवर उतरवा, 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरला 'रीड ओन्ली' करा. काम नेहमी नकलेवर. जेपीजीच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं, कारण उघडून पुन्हा जेपीजी म्हणूनच सेव्ह केलं की दर वेळी तपशील थोडा थोडा झडतो.

जुन्या फाइलींच्या एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नका. मॅकवरून आलेल्या फाइलींना ते बहुधा नसतंच, आणि नाव बदलून 'टिफ केलेली' जेपीजी हा प्रकार आजही सर्रास सापडतो. इरफानव्ह्यूमध्ये अशी फाइल उघडली की एक्स्टेन्शन चुकीचं असल्याचं सांगून ते दुरुस्त करायचं का, असं तो विचारतो. कुठलंच सॉफ्टवेअर उघडत नसेल तर हेक्स व्ह्यूमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या दृश्यात) पहिले काही बाइट बघा. 'एफएफ डी८' असेल तर जेपीजी. 'बीएम' ही दोन अक्षरं असतील तर बीएमपी. 'आयआय' किंवा 'एमएम' असेल तर टिफ, '८बीपीएस' असेल तर फोटोशॉपची, '०ए' ने सुरुवात असेल तर बहुधा पीसीएक्स. सुरुवातीला टक्केचिन्ह, उद्गारचिन्ह आणि 'पीएस' दिसलं तर ती पोस्टस्क्रिप्ट किंवा ईपीएस.

काही जुने प्रकार हमखास फसवतात. ईपीएसचा 'डीसीएस' नावाचा प्रकार पाच फाइलींचा असतो: एक मुख्य, आणि सायन, मॅजेंटा, येलो, ब्लॅक अशा चार प्लेटांच्या चार. मुख्य फाइलीत नुसतं कमी प्रतीचं दर्शनी चित्र असतं. सीडीवरून फक्त तीच उचलली तर चित्र उघडतं, पानावर बसतं आणि छापताना धूसर येतं. त्याच नावाच्या बाकी चार फाइली शोधा. कोडॅकच्या फोटो सीडीवरच्या पीसीडी फाइलीत एकच फोटो अनेक मापांत असतो. नुसतं उघडलं की पुष्कळ सॉफ्टवेअर ७६८ बाय ५१२ चं छोटं माप उचलतात; आत ३०७२ बाय २०४८ चं मोठं असतं, ते सेटिंगमधून निवडावं लागतं. फॅक्सवरून साठवलेल्या टिफचे पिक्सेल चौकोनी नसतात. साध्या फॅक्सचं रिझोल्यूशन आडवं २०४ आणि उभं ९८, म्हणून पत्र उंचीला चेपलेलं दिसतं. उंची जवळपास दुप्पट केली की प्रमाण जागेवर येतं. आणि स्कॅनरवरच्या टिफमध्ये एकाहून जास्त पानं असू शकतात. साधा कन्व्हर्टर पहिलं पान घेतो आणि बाकीची गुपचूप सोडून देतो.

फोटो वर्डच्या फाइलीत चिकटवून आला असेल तर स्क्रीनशॉट घेऊ नका. डीओसीएक्स फाइलीच्या नकलेचं एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा. आतल्या 'मीडिया' फोल्डरमध्ये चित्रं असतात, पुष्कळदा पानावर दिसतात त्यापेक्षा मोठी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्यांना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही.

पिक्सेल मोजा, डीपीआय विसरा

फाइलीवर लिहिलेला '७२ डीपीआय' किंवा '३०० डीपीआय' हा आकडा नुसतं लेबल आहे. चित्रात खरी पुंजी असते ती पिक्सेलची. हिशेब सोपा आहे: १५० लाइनच्या स्क्रीनला दर इंचात ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे दर सेंटिमीटरला ११८. चित्राच्या रुंदीचे पिक्सेल ११८ ने भागा, किती सेंटिमीटर रुंद छापता येईल ते कळतं. दोन मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्याचा १६०० बाय १२०० चा फोटो साडेतेरा बाय दहा सेंटिमीटरपर्यंत नीट येतो, म्हणजे डेमी आकाराच्या पानावर जवळपास पूर्ण रुंदीचा. ६४० बाय ४८० चा फोटो मात्र ५.४ बाय ४ सेंटिमीटरच. कार्यकारिणीच्या यादीत पासपोर्टसारखा चालेल, पानभर नाही. वर्तमानपत्री कागदाला २०० पुरतात, तिथे ७९ ने भागा.

मॅपलिथोवर २२० ते २४० पर्यंत उतरलं तरी फोटो खपून जातो, कारण तो कागद शाई पसरवतो आणि बारीक तपशील तसाही गिळतो. दीडशेच्या खाली आलं की चित्र लहान छापा. ओढूनताणून मोठं करू नका. एआयने मोठं करण्याची साधनं हाताशी आहेत आणि डोंगर, इमारत, झाडं यांना ती बऱ्यापैकी चालतात. माणसांच्या समूहचित्राला ती लावूच नयेत असं आमचं ठाम मत आहे. दहा-बारा पिक्सेलांच्या चेहऱ्यात ती नवे डोळे, नवे दात बसवतात, आणि १९७५ च्या बॅचच्या फोटोत आपले आजोबा शोधणाऱ्याला तिथे भलताच माणूस दिसतो.

लेबल बदलायला गिंपमध्ये 'इमेज' मेनूतलं 'प्रिंट साइज' वापरा. त्याने पिक्सेलला धक्का लागत नाही. 'स्केल इमेज'ने पिक्सेलच बदलतात. फोटोशॉपमध्ये हे दोन्ही 'इमेज साइज' या एकाच चौकटीत आहे, म्हणून तिथे 'रीसॅम्पल'वरची खूण काढून मग आकडा बदला.

आता फाइली तीन ढिगांत वाटा: रेषाचित्रं, फोटो, आणि छापील पानांवरून स्कॅन केलेली चित्रं. प्रत्येक ढिगाची वाट वेगळी आहे.

रेषाचित्रं: बोधचिन्ह, व्यंगचित्र, सही, हस्ताक्षर

बहुतेक स्मरणिका बिघडतात त्या इथे. काळ्या रेषेचं चित्र ग्रेस्केलमध्ये (काळ्या ते पांढऱ्या छटांत) ३०० वर दिलं की छापखान्याचा आरआयपी (प्लेटसाठी फाइलीचे ठिपके बनवणारं सॉफ्टवेअर) त्याच्या कडांचे करडे पिक्सेल ठिपक्यांत फोडतो. नुसत्या डोळ्यांनीही कड खरखरीत दिसते. रेषाचित्राला १-बिटची, म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्याची फाइल लागते, आणि तीही १२०० पीपीआयची (दर इंचाला १२०० पिक्सेल). १-बिटला स्क्रीन लागत नाही, रेषा प्लेटवर जशीच्या तशी उतरते.

मूळ कागद हाती असेल तर जुनी फाइल बाजूला ठेवा आणि नव्याने स्कॅन करा. ग्रेस्केल, ६०० किंवा १२०० पीपीआय. स्कॅनरच्या 'ब्लॅक अँड व्हाइट' मोडमध्ये नको, कारण तिथे काळं कुठे आणि पांढरं कुठे हे स्कॅनर ठरवतो. मग गिंपमध्ये 'लेव्हल्स'ने कागद पांढरा आणि शाई काळी करा, स्कॅन ६०० चा असेल तर 'स्केल इमेज'ने दुप्पट करा, आणि 'कलर्स' मेनूतल्या 'थ्रेशोल्ड'ने काळं आणि पांढरं यांची सीमा ठरवा. नंतर 'इमेज', 'मोड', 'इंडेक्स्ड' आणि तिथे १-बिटचं काळं-पांढरं पॅलेट. टिफ एक्स्पोर्ट करताना कॉम्प्रेशन 'सीसीआयटीटी ग्रुप ४' निवडा. १२०० पीपीआयची फाइलसुद्धा अगदी लहान होते आणि काहीही झडत नाही.

थ्रेशोल्डचा आकडा नजरेने ठरवायचा असतो, आणि देवनागरीत तो रोमनपेक्षा जास्त जपून ठरवावा लागतो. हाताने लिहिलेल्या पत्रातला अनुस्वार साधारण अर्धा मिलिमीटरचा असतो. २०० पीपीआयच्या जुन्या स्कॅनमध्ये तो चार पिक्सेल, १०० च्या स्कॅनमध्ये दोनच. थ्रेशोल्ड थोडा कमी पडला की 'संत'चा 'सत' होतो. जास्त झाला की 'ध' आणि 'घ' यांच्या पोटातल्या पोकळ्या बुजतात, 'भ' आणि 'म' एकसारखे दिसू लागतात, रफार शिरोरेषेला चिकटतो. म्हणून २०० टक्के झूम करून पूर्ण मजकूर एकदा वाचून काढा, अनुस्वार आणि रफार मूळाशी ताडून. स्कॅन इतका कमी असेल की दोन्हीपैकी एक चूक अटळ आहे, तर मजकूर नव्याने टाइप करून शेजारी द्या आणि पत्राचं चित्र ग्रेस्केलमध्ये लहान छापा.

बोधचिन्ह वेबसाइटवरच्या २०० पिक्सेलच्या जीआयएफमध्येच उरलं असेल तर त्याला फक्त पुन्हा रेखून वाचवता येतं. आधी गिंपमध्ये मोड आरजीबी करा, कारण २५६ रंगांच्या इंडेक्स्ड चित्राला मोठं केल्यावर कडा गुळगुळीत होत नाहीत. जीआयएफला पारदर्शक पार्श्वभूमी असेल तर मागे पांढरा थर घालून 'फ्लॅटन' करा. न करता बदललं तर पारदर्शक भाग काळा होण्याचा धोका असतो. मग चारपट मोठं करा, दीड-दोन पिक्सेलचा 'गॉशियन ब्लर' द्या आणि थ्रेशोल्ड लावा. पायऱ्या बऱ्याच विरतात. हे चित्र इंकस्केपमध्ये आणून 'पाथ' मेनूतलं 'ट्रेस बिटमॅप' चालवा. इथे 'स्पेकल्स' नावाचा पर्याय असतो, तो बारीक ठिपके कचरा समजून उडवतो. बोधचिन्हात ब्रीदवाक्य असेल तर अनुस्वार त्याच्याच तडाख्यात सापडतात, म्हणून तो बंद करा. आणि खरं सांगायचं तर ब्रीदवाक्य ट्रेस करूच नये. वर्तुळ, दिवा, पुस्तक, कमळ हे रेखून घ्या. अक्षरं मिळत्याजुळत्या युनिकोड फाँटमध्ये नव्याने बसवा आणि 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, म्हणजे अक्षरांच्या रेषा होतात. संस्थेच्या जुन्या लेटरहेडशी ताडून बघा, कारण अक्षराचं वळण लोकांच्या डोळ्यात बसलेलं असतं.

बोधचिन्ह जुन्या सीडीआर फाइलीत मिळालं तर नशीब समजा. इंकस्केप आणि लिब्रेऑफिस ड्रॉ दोन्ही पुष्कळशा सीडीआर उघडतात. फक्त आतला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असेल आणि तो फाँट तुमच्या संगणकावर नसेल, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइल बिघडलेली नसते. ज्याच्याकडे तो फाँट आहे त्याच्याकडून 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' करून आणा.

काळा रंग हा या ढिगातला शेवटचा सापळा. इंकस्केपचा काळा आरजीबी असतो. तो सीएमवायकेत गेला की चारही शायांचा होतो. फोटोशॉपच्या जुन्या अमेरिकी 'स्वॉप' सेटिंगमध्ये तो ७५, ६८, ६७, ९० होतो, बेरीज ३००. चार प्लेटा केसभर जरी हलल्या तरी बारीक अक्षरांना लाल-निळ्या सावल्या येतात. एसव्हीजी स्क्रायबसमध्ये 'इम्पोर्ट'मधून आणल्यावर रंगांच्या यादीत 'फ्रॉम एसव्हीजी' अशा नावाने नवे रंग येतात. त्यातला काळा उघडा, मोड सीएमवायके करा आणि ०, ०, ०, १०० भरा.

फोटो

आधी रंगाची ओळख. जुन्या फोटोंना बहुधा प्रोफाइल नसतो. 'इमेज' मेनूत 'कलर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन 'असाइन' करा, एसआरजीबी. 'कन्व्हर्ट' नव्हे. असाइन म्हणजे आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ सांगणं. कन्व्हर्ट म्हणजे आकडेच बदलणं. २००९ पूर्वीच्या मॅकवर तयार झालेली चित्रं आज थोडी जास्त गडद दिसतात, कारण त्या काळी मॅकचा गॅमा (मधल्या छटा किती उजळ दाखवायच्या याचं सेटिंग) १.८ होता आणि आता सगळीकडे २.२ आहे. अशा चित्रांचा मध्यभाग 'लेव्हल्स'च्या मधल्या सरकपट्टीने उजळा. नंतर 'प्रिसिजन' १६-बिट करा. पुढचे फेरफार ८-बिटमध्ये केले तर आकाशात आणि भिंतीवर पट्टे पडतात.

जेपीजी चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत साठवतं. फार दाबलेल्या फोटोत गालावर आणि आकाशात या चौकटी दिसतात. धार आधी काढली तर त्या आणखी उठतात, म्हणून क्रम पाळा: आधी 'नॉइज रिडक्शन' किंवा 'सिलेक्टिव्ह गॉशियन ब्लर', मग उजेड-अंधार, मग छपाईच्या मापाला आणणं, आणि धार सगळ्यात शेवटी. छपाईच्या मापावर 'शार्पन' म्हणजे अनशार्प मास्क लावताना रेडियस १ ते १.५ आणि अमाउंट ०.५ ते ०.८ इथून सुरू करा. पडद्यावर धार किंचित जास्त वाटली तरी चालेल, कारण स्क्रीनच्या ठिपक्यांत ती मवाळ होते. सोळा रंगांच्या जुन्या बीएमपीत ठिपक्यांची जाळी असते. तिला आरजीबी करून हलका ब्लर द्यावा, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

एकरंगी पानावर जाणारा फोटो ग्रेस्केल करा आणि 'लेव्हल्स'च्या 'आउटपुट'मध्ये ० ते २५५ च्या जागी २६ ते २४२ भरा. त्यामुळे सगळ्यात गडद जागा ९० टक्क्यांवर थांबते आणि सगळ्यात उजळ जागेत ५ टक्क्यांचा ठिपका राहतो. मॅपलिथोवर ठिपका पसरतो; ९० ची छपाई जवळपास भरीव होते. हे केलं नाही तर काळ्या कोटाचे आणि केसांचे गठ्ठे होतात, पांढऱ्या धोतर-टोपीत तपशील उरत नाही आणि कागद उघडा पडतो. वर्तमानपत्री कागदाला २६ च्या जागी ३८ ठेवा. शिवाय मधली सरकपट्टी १.१५ ते १.२ पर्यंत न्या. पडद्यावर फोटो फिका, निस्तेज वाटेल. छपाईत तो बरोबर येतो. 'फिका वाटतोय, थोडा गडद कर' असं शेजारी बसलेला प्रत्येक जण म्हणतो, त्याचं ऐकू नका.

कृष्णधवल फोटो चाररंगी पानावर येत असेल तरी ग्रेस्केलच ठेवा. आरजीबीतून सीएमवायकेत नेलेला करडा चार शायांच्या समतोलावर उभा असतो. मशीनवर एखादी शाई किंचित वाढली की एका कागदावर फोटो हिरवट, दुसऱ्यावर गुलाबी येतो. जुन्या फोटोचा तपकिरी रंग मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

रंगीत फोटोचं सीएमवायके करताना छापखान्याने दिलेला, नाहीतर वर सांगितलेला प्रोफाइल घ्या. रेंडरिंग 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' आणि 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' चालू. गिंप ३ मध्ये हा प्रोफाइल सॉफ्ट-प्रूफसाठी (पडद्यावरच छपाईचा अंदाज दाखवणारी सोय) निवडायचा आणि टिफ एक्स्पोर्टच्या चौकटीत सीएमवायकेवर खूण करायची. सॉफ्ट-प्रूफ चालू करून आधी बघून घ्या, कारण काही रंग छापले जातच नाहीत. मिरवणुकीतला गुलाल, पैठणीचा झळाळता जांभळा, मोबाइलने रंगवलेलं निळंशार आकाश सीएमवायकेत मंदावतं. निळा जांभळ्याकडे झुकत असेल तर मॅजेंटा कमी करा. सायन आणि मॅजेंटा यांत निदान ३० टक्क्यांचं अंतर ठेवलं की निळा निळा राहतो. त्वचेसाठी येलो मॅजेंटापेक्षा थोडा जास्त आणि सायन मॅजेंटाच्या निम्म्याच्या आत. सायन त्यापुढे गेला की चेहरा आजारी दिसतो.

जुनी फाइल आधीपासून सीएमवायके असेल, तर कुणी कोणत्या सेटिंगने केली होती ते बघा. पुष्कळदा ती 'स्वॉप'चीच निघते. तिचा आरजीबी मूळ मिळत असेल तर तो शोधण्यात वेळ घालवा, तो वसूल होतो. मिळत नसेल आणि एकूण शाई मर्यादेत असेल तर तशीच वापरा. मर्यादेपेक्षा जास्त असेल तेव्हाच नव्या प्रोफाइलमध्ये बदला. जास्त शाईचा त्रास खरा आहे: ती वेळेत वाळत नाही आणि गठ्ठ्यात वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

छापील पानांवरून घेतलेली चित्रं

जुन्या अंकातला फोटो आधीच ठिपक्यांचा असतो. त्यावर नवा स्क्रीन चढला की दोन जाळ्या एकमेकींत अडकून लहरी उमटतात, त्याला मोआरे म्हणतात. अंक हाती असेल तर ६०० वर किंवा अधिकवर पुन्हा स्कॅन करा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डीस्क्रीन' असेल तर तो लावा. नसेल तर हिशेब असा: ६०० ला मूळ स्क्रीनच्या लाइनने भागा. १५० लाइनचा असेल तर दोन ठिपक्यांत ४ पिक्सेल, वर्तमानपत्री ८५ चा असेल तर ७. त्याच्या निम्म्या आकड्याचा गॉशियन ब्लर द्या, ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंत थोडा कमी-जास्त करत, मग ३०० वर उतरवा आणि शेवटी धार. हाती फक्त १५०-२०० पीपीआयची जुनी जेपीजी असेल आणि तिच्यात लहरी आधीच दिसत असतील, तर तो फोटो अगदी लहान छापावा किंवा गाळावा.

सेव्ह करणं आणि पीडीएफ

फोटोंची अंतिम टिफ अशी असावी: ८-बिट, एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन, थर नाहीत, अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची माहिती) नाही, प्रोफाइल आत. टिफच्या आत जेपीजी कॉम्प्रेशनचा जो पर्याय असतो तो टाळा. काही जुने आरआयपी तिथे अडतात. फाइलींची नावं रोमन लिपीत, मधे जागा न सोडता, पान क्रमांकाने सुरू होणारी. देवनागरी नावं झिपमधून दुसऱ्या संगणकावर उघडताना तुटू शकतात आणि मग पानावरची चित्रं 'मिसिंग' दाखवतात.

स्क्रायबसमध्ये आधी 'डॉक्युमेंट सेटअप'मधून कलर मॅनेजमेंट चालू करा. पानाच्या कटिंगपर्यंत भिडणारं चित्र असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कटिंगच्या रेषेबाहेरचा जादा भाग). चित्र चौकटीत बसवल्यावर त्याचं प्रत्यक्ष पीपीआय गुणधर्मांच्या पट्टीत दिसतं. चौकट ओढून मोठी केली की आकडा घसरतो, तो बघत राहा. पीडीएफ एक्स्पोर्टमध्ये एक्स-१ए निवडा. तिच्यात आरजीबी आणि पारदर्शकता चालत नाही, त्यामुळे जुन्या आरआयपीवरही ती सुरळीत उतरते. फाँट सगळे आत. चित्रांचं कॉम्प्रेशन 'लॉसलेस - झिप'. आणि 'मॅक्सिमम इमेज रिझोल्यूशन'वरची खूण काढा, नाहीतर १२०० वर घासूनपुसून तयार केलेली रेषाचित्रं ३०० वर येऊन आधीची सगळी मेहनत वाया जाते. कोरलड्रॉच्या 'पब्लिश टू पीडीएफ'मध्ये आणि इनडिझाइनमध्येही डाउनसॅम्पलचा असाच पर्याय असतो, तोही तपासा.

पीडीएफ झाली की प्लेटा वेगळ्या करून बघा. अ‍ॅक्रोबॅटमध्ये 'आउटपुट प्रीव्ह्यू', स्क्रायबसमध्ये 'प्रिंट प्रीव्ह्यू', तिथेच शाईचं प्रमाणही दिसतं; त्यासाठी घोस्टस्क्रिप्ट बसवलेलं हवं. ब्लॅक प्लेट बंद केल्यावर मजकूर, बोधचिन्हाच्या काळ्या रेषा आणि कृष्णधवल फोटो पूर्ण नाहीसे व्हायला हवेत. मागे पुसट सावली उरली तर ते चित्र चार शायांत गेलं आहे. ते पुन्हा करा. मग रेषाचित्रांचं पान लेझर प्रिंटरवर १०० टक्के मापात छापून अनुस्वार मोजा. चाररंगी फर्म्याचं प्रूफ छापखान्यातून मागवा आणि दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. प्लेट निघाल्यावर दुरुस्ती म्हणजे नवी प्लेट, आणि तिचे पैसे वेगळे.

अंक छापून झाला की १६-बिटच्या आरजीबी टिफ, १-बिटची रेषाचित्रं आणि बोधचिन्हाची एसव्हीजी मूळ फाइलींसोबत दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. या वेळच्या सीएमवायके फाइली या कागदासाठी आणि या मशीनसाठी होत्या. पुढच्या वर्षीचं काम त्यांच्यापासून नको, आरजीबी टिफपासून सुरू करा.